न शिवता कापणारे मशीन

"तुझं ते मशीन लोखंडाला शिवत नाही म्हणतोस, मग कापतं तरी कशानं?" आमच्या आईने एकदा विचारले. 'शिवत नाही' हा शब्द तिच्या पिढीने फार वेगळ्या अर्थाने भोगलेला. आम्ही हसलो, पण तिला नीट समजावून सांगितले.

टूलरूममध्ये त्याला स्पार्क मशीन म्हणतात. वर तांब्याचा इलेक्ट्रोड, खाली जॉब, दोन्ही तेलात. मध्ये केसाएवढी फट. वीज सोडली की जिथे फट सर्वांत कमी, तिथे ठिणगी पडते. त्या ठिपक्यावर आठ ते बारा हजार अंश सेल्सिअस उष्णता! तेवढेच लोखंड वितळते, त्याची वाफ होते, बारीक खड्डा पडतो आणि तेल चुरा वाहून नेते. हे सेकंदाला हजारो वेळा. धातू किती कठीण, हे ठिणगी पाहत नाही. त्यातून वीज वाहिली म्हणजे झाले. १९४३ साली मॉस्कोच्या लाझारेन्को पतिपत्नींनी हे तंत्र शोधले. ते खरे तर ठिणगीने स्विचचे पॉइंट खराब होतात ते कसे थांबवावे, याच्या मागे होते!

आमच्या वस्तीतला एक मुलगा आमच्याच कारखान्यात अप्रेंटिस लागला. मोल्डच्या प्लेटमध्ये आटे पाडताना दहाचा टॅप आतच मोडला. टॅप बोथट झालेला होता, ते कुणी पाहिले नाही. ड्रिल लावले तर ड्रिलच जळाले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "प्लेटचे पैसे भरून दे. आयटीआयच्या कोट्यातली पोरं अशीच." मुलगा खाली मान घालून उभा. घरी वडील नाहीत, आई धुणीभांडी करते, हे आम्हाला ठाऊक होते.

रात्रपाळीला आम्ही त्याला सोबत घेतले. तांब्याची सहा एम.एम.ची काडी बरोबर मध्यावर धरली. टॅपचा गाभा जळायला तीन तास लागले. काडीही झिजत होती, दोनदा बदलली. मग उरलेले तुकडे त्याने चिमट्याने एकेक काढले. आट्यांना ओरखडा नाही. सकाळी साहेबांनी बोल्ट फिरवून पाहिला आणि काही न बोलता निघून गेले. पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही. माफीचाही नाही.

आज तो मुलगा स्वतः स्पार्क मशीन चालवतो. तेल जॉबच्या वर चार बोटे चढल्याशिवाय कुणालाही बटण दाबू देत नाही. तेल कमी पडले तर ठिणगीने पेट घेते. आम्हालासुद्धा दटावतो.