डावा हात

पनवेलजवळच्या कोन गावात मी कथक शिकवते. म्हणजे मुख्यतः ओरडते. "डावा हात पडतोय!" हे माझं ठेवणीतलं वाक्य. परवा एक चिमुरडी शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचाही पडतो. आम्ही तुमचंच बघून करतो." घरी येऊन आरशासमोर उभी राहिले, तर आरसाही तिलाच फितूर!

मग रोहिणीताई भाटे आठवल्या. १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' काढूनही त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. आणि अस्मादिक? विशारदचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलं, त्याच खिळ्याला शिकणंही टांगलं!

हल्ली रविवारी पनवेलला पुन्हा क्लासला जाते. शेवटच्या रांगेत उभी राहते. गुरुजी ओरडतात, "डावा हात!"

सोमवारी माझा आवाज आपोआप खाली येतो. हात मात्र वर.