दुधाचा हप्ता आणि मावशीचा पगार



या वेळी करपा, भुरी, मावा-तुडतुडे यांतले काहीच सांगायचे नाही. या वेळी तुमच्या घरातल्या पाळण्याविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, कृषी विस्तार अधिकाऱ्याला पाळण्याशी काय करायचे? पण गेली तीस वर्षे बांधाबांधाने हिंडताना मी एक गोष्ट पाहत आलो आहे. ज्या घरची सून निर्धास्त मनाने शेतात जाते, त्या घरची कामे वेळेवर उरकतात. आणि ती निर्धास्त जाते, कारण मागे मुलाजवळ भरवशाचे माणूस असते.

पूर्वी हे माणूस म्हणजे सासू, आजेसासू किंवा थोरली जाऊ. आता वाटण्या झाल्या, वस्त्या मळ्यात गेल्या, म्हाताऱ्यांचे गुडघे थकले. म्हणून द्राक्षाच्या, भाजीपाल्याच्या भागात मूल सांभाळायला बाई ठेवण्याची रीत पडू लागली आहे. मुले तिला मावशी म्हणतात, आपणही मावशीच म्हणतो. नाते जोडले ते चांगलेच झाले. पण नाते जोडल्यावर पगाराचे बोलणे मात्र मागे पडते. "मावशी, माल गेला की एकदमच देऊ," असे म्हणून आपण मोकळे होतो.

माल जाईपर्यंत मावशीने खायचे काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही.

नाशिककडच्या एका बागाईतदार घराची हकिकत सांगतो. माणसे सज्जन; कुणाचा पैसा बुडवणारी नव्हेत. श्रावणात त्यांनी वर्षा-दीड वर्षाच्या नातवासाठी वाडीवरची एक विधवा बाई ठेवली. पगार महिन्यावर ठरला, पण हातात यायचा तो द्राक्षे गेल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऑक्टोबरची छाटणी झाली. दिवाळीला साडी आणि थोडी उचल मिळाली. मधल्या काळात बाई वाण्याकडून उधारीने किराणा आणत होती, आणि उधारीचे पोते सव्वा हात रिते असते हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलाच्या वह्या-पुस्तकांसाठी पाचशे रुपये मागायला ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा ओटीवर पाहुणे बसलेले पाहून परत गेली. पैसे तिच्या कष्टाचेच होते. तरी मागताना तिला लाज वाटत होती.

मार्गशीर्षात शेजारच्या मळ्यात दर आठवड्याला रोख पगार देणारे घर मिळाले आणि ती तिकडे गेली. इकडे घड जी.ए.मध्ये बुडवण्याचे दिवस. मणी ठराविक आकाराचे असतानाच ते काम व्हावे लागते, चार दिवस पुढे ढकलता येत नाही. नातवाला मावशीचा लळा लागलेला. तो दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेईना. सून घरात अडकली आणि तिच्या जागी बाहेरून मजूर लावावे लागले. त्या घरच्या आजी मला म्हणाल्या, "साहेब, बाई वाईट नव्हती हो. आम्हीच तिला रोजच्या मिठा-मिरचीला महाग केलं." मला त्यावर काही बोलता आले नाही.

वर्षाकाठी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. खळ्यावर रास पडली की बलुतेदार आपला वाटा नेई. पण सुतार-लोहाराची घरे अनेक असत. एका घरची रास बुडाली तर दुसऱ्या घरची हाती येई. मावशीचे घर एकच असते, ते तुमचे. सालगडी पाडव्याला साल ठरवतो, पण तोही महिन्याला उचल घेतोच. मग मुलाजवळ दिवसभर बसणारीनेच सहा-सहा महिने का थांबावे?

आपण स्वतः थांबतो का, ते पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि उशीर झाला तर द.सा.द.शे. १५ व्याज. ते पैसे थकले की आपण मोर्चे काढतो, आणि ते बरोबरच आहे. मावशीला मोर्चा काढता येत नाही, एवढाच काय तो फरक.

कायद्यानेही हे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराचा काळ एका महिन्यापेक्षा मोठा ठेवायला मनाई केली. २०१९ च्या वेतन संहितेने तोच नियम पुढे नेला. हे कायदे मुख्यतः कारखाने, दुकाने, कचेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले. पण २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकाम करणाऱ्यांसाठी जो ठराव केला, त्यातही निदान महिन्याला एकदा पगार द्यावा असेच म्हटले आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर, कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्यातल्याच एकीला मुलांजवळ बसवावे आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद केली होती. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला दाम आहे, हे सरकारने तेव्हा कागदावर लिहिले.

आता तुमची अडचण मला ठाऊक आहे. शेतीचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, दर महिन्याला द्यायचा कुठून? उपाय गोठ्यात आहे. पुष्कळ ठिकाणी डेअरीचा हप्ता दर दहा दिवसांनी मिळतो. मावशीचा पगार त्याच हप्त्याला बांधून टाका. समजा महिना ६,००० रुपये ठरले. मग दर हप्त्यातले २,००० आधी तिचे, मग पेंड, मग बाकीचे. आठवड्याने द्यायचे तर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्या; म्हणजे ती रोखीने बाजार करील.

घरी दूध नसेल, तर माल विकल्या दिवशीच पुढच्या सहा महिन्यांचे ३६,००० रुपये बँकेत वेगळ्या खात्यात टाका. आपण बियाणे बाजूला काढून ठेवतो आणि कितीही नड आली तरी दळून खात नाही. हा पैसाही तसाच समजावा.

आणखी काही गोष्टी ध्यानात असू द्या.

एक वही ठेवा. पगार, उचल, खाडे, सारे दोघांसमोर लिहा. तिला वाचता येत नसेल तर तिच्या शाळकरी मुलाकडून वाचून घेऊ द्या. ३,००० रुपये उचल दिली, तर एका हप्त्यात कापू नका. ५०० प्रमाणे सहा हप्त्यांत, म्हणजे दोन महिन्यांत ती फिटते.

ज्वारी-गहू द्यायचे ठरले असेल, तर त्या दिवशीच्या बाजारभावाने लिहा. चहा-भाकरीचे आणि दिवाळीच्या साडीचे पैसे पगारातून कापू नका.

पावसामुळे तुमचे काम बंद राहिले, तर तिचा दिवस कापू नका. ती यायला तयार होती.

पैसे तिच्याच हातात किंवा तिच्याच बँक खात्यात द्या, नवऱ्याजवळ किंवा दिराजवळ नकोत.

मावशी भाऊबंदातली असेल, तर बोलणे आणखी अवघड जाते. अशा वेळी घरच्या वडील माणसाने पहिल्याच दिवशी रक्कम आणि वार सांगून टाकावा. पुढे कुणालाच संकोच पडत नाही.

मूल अंगणवाडीत जायचे झाले आणि मावशीची गरज उरली नाही, तर महिनाभर आधी सांगा आणि शेवटच्या दिवशी हिशेब पुरा करा. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. तिची नोंदणी करता येते का, याची चौकशी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तुम्हीच तिच्यासाठी करा.

आणि स्वस्त पडते म्हणून दहा-बारा वर्षांची पोर पाळण्याशी बसवू नका. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी त्या पोरीची जागा शाळेत आहे.

भगिनींनो, हे शेवटचे तुम्हाला. पगाराची वही तुमच्याकडे ठेवा. मावशी थकलेली आहे की आजारी, तिच्या घरी चूल पेटली की नाही, हे तुम्हालाच आधी कळते. येत्या हप्त्याला डेअरीतून पैसे आले, की मागची बाकी किती निघते ते तिच्यासमोर मांडा आणि पहिला आकडा त्याच दिवशी लिहा. ती मागायला येईपर्यंत थांबू नका.