रानटी योद्ध्याचे दोन गुण

रात्री भाचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचं जाडजूड नियमपुस्तक घेऊन बसला होता. तिसरी आवृत्ती, २००० सालची. त्यात रानटी योद्धा तेवढा निरक्षर. कौशल्याचे दोन गुण खर्चले की त्याला लिहिता-वाचता येतं. बाकीच्यांना अक्षरं फुकट! ऑर्क, गॉब्लिन असले कल्पित जीव बुटक्यांच्याच लिपीत लिहितात आणि ‘कॉमन’ नावाची भाषा जवळपास सगळ्यांना येते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात बसून हे वाचताना हसू येतं. इथल्या बाजारात माडिया, तेलुगू, मराठी आणि पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्यांची बंगाली. मासळीवाली शेजारणीशी बंगालीत बोलते, आमच्याशी मराठीत घासाघीस करते, चिल्लर नसली की हिंदीवर येते. इथली ‘कॉमन’ गिऱ्हाईक बघून बदलते.

गोंडीचं तर त्याहून अवघड. कूळ द्राविडी, आपल्याकडे देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तिला स्वतःची लिपी दिली, ती युनिकोडमध्ये पोचायला २०१७ उजाडलं. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावातली लिपी आणखी निराळी. दोन गुणांत काय काय बसवणार?

शिवाय गोंडांच्या वंशकथा किंगरी या तंतुवाद्यावर तोंडपाठ गाणारे परधान! त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं, असं मी भाच्याला विचारलं.

“ते बार्ड, म्हणजे खेळातले शाहीर, मामा,” तो पान न उलटता म्हणाला. “पण नियमाप्रमाणे बार्डला लिहिता येतंच.”