समासातील वाचक

‘टीका’ हा शब्द आज बहुधा दोषदर्शनाच्या अर्थाने वापरला जातो. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ‘भावार्थदीपिका’ ही गीतेवरील टीका होय, असे पदव्युत्तर वर्गात सांगितले की एखादा विद्यार्थी तरी क्षणभर बुचकळ्यात पडतो. संहितेला लगटून, तिच्या एकेका पदापाशी थांबत केलेले लेखन हा टीकेचा जुना अर्थ. संगणकाच्या पडद्यावरील मजकुरावर वर्गाने मिळून टिपा लिहिण्याची साधने गेली काही वर्षे मी अध्यापनात वापरतो आहे. हा जुना अर्थ ती पुन्हा जिवंत करतात. मात्र त्याच्या मोबदल्यात वाचकाचा एकांत मागतात. हा सौदा मला येथे तपासावयाचा आहे.

मूळ कल्पना नवी नव्हे. १९९३ च्या मोझेक या ब्राउझरमध्ये पानाला टीप जोडण्याची सोय होती. पुढे ती मागे पडली. २०११ मध्ये डॅन व्हेली यांनी सुरू केलेल्या हायपोथेसिस या ना-नफा प्रकल्पाने तिला नवे रूप दिले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अशा टिपांच्या रचनेचे मानक संमत केले. त्यातील एक तपशील संहिताशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावा असा आहे. टीप मूळ पानात लिहिली जातच नाही. ती अन्यत्र साठविली जाते, आणि आपले स्थान ओळखता यावे म्हणून निवडलेले शब्द व त्यांच्या मागची-पुढची काही अक्षरे सोबत बाळगते. हस्तलिखितांच्या परंपरेत याच्या उलट घडत असे. एका प्रतीच्या समासातील टिपण पुढच्या नकलेत मूळ मजकुरात शिरे आणि त्याचाच भाग होऊन बसे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले, त्यामागे अशाच सरमिसळीची चिंता होती. नव्या व्यवस्थेत टीकाकाराला संहितेत घुसताच येत नाही.

मराठीपुरती एक अडचण मात्र आहे. आपली बरीचशी जुनी पुस्तके जालावर पानांच्या छायाचित्रांच्या रूपात आहेत. टीप अडकवायला अक्षरे लागतात, आणि छायाचित्रात यंत्राच्या दृष्टीने अक्षरे नसतातच. त्यामुळे मजकूर प्रथम टंकित करावा लागतो. माझ्या विद्यार्थ्यांनी तो केला, आणि टंकताना त्यांचे जेवढे वाचन झाले तेवढे एरवी सत्रभरात होत नाही.

आता वर्गाकडे वळतो. केशवसुतांची ‘झपूर्झा’ ही कविता मी अठरा जणांच्या गटाला टिपांसाठी दिली. पहिली टीप तासाभरात आली. शीर्षकावर बोट ठेवून एकाने नेहमीचे स्पष्टीकरण नोंदविले होते : मुलींच्या खेळातील ‘जा पोरी जा’ हे शब्द भरभर उच्चारले की त्यांचा ‘झपूर्झा’ होतो. माहिती योग्यच होती. परंतु पुढच्या अकरा टिपा तिच्या छायेत वाढल्या. कोणी अनुमोदन दिले, कोणी पुस्तकाचे नाव पुरविले, कोणी व्युत्पत्तीवर शंका घेतली. कवितेच्या शेवटच्या कडव्यांपर्यंत फारसे कोणी पोहोचलेच नाही. आधीच्या वाचकाने जेथे थांबा केला तेथेच पुढचेही उतरले.

या वेळी आय. ए. रिचर्ड्स यांच्या १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ची आठवण होणे अपरिहार्य होते. केंब्रिजमध्ये त्यांनी कवींची नावे झाकून कविता दिल्या, विचारासाठी आठवडाभराचा अवधी दिला, वाचने किती झाली याची नोंद मागितली आणि उत्तरांवर लिहिणाऱ्याचे नावही घेतले नाही. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले, ते येथे बाजूला ठेवतो. त्यांच्या पद्धतीतील एका गृहीताकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही : चुकीचा का होईना, प्रतिसाद वाचकाचा स्वतःचा असला पाहिजे. सामायिक समासात कवी उघड, वाचक उघड, आणि शेजाऱ्याचे उत्तर तर वाचनाच्या आधीच उघड.

तरीही साधन टाकून द्यावे असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण त्याच कवितेवरील तेरावी टीप. वर्गात दोन वर्षांत एकदाही न बोललेल्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते की हा शब्द डोळ्यांनी वाचण्याचा नाहीच. फेर धरून म्हणताना दम लागतो, जीभ अडखळते आणि शब्द झिजत जाऊन शेवटी नुसता ठेका उरतो, तेव्हा तो कळतो. व्युत्पत्तीच्या वादात न पडता तिने अर्थ नाहीसा होण्याची क्रिया सांगितली, जी माझ्या मते कवितेचा गाभा आहे. तोंडी चर्चेत हे वाक्य तिने उच्चारले नसते. गंमत अशी, की त्या टिपेला कोणीही उत्तर दिले नाही.

त्यानंतर मी क्रम बदलला. पहिले तीन दिवस प्रत्येकाने टिपा केवळ स्वतःला दिसतील अशा ठेवावयाच्या. चौथ्या दिवशी त्या गटासाठी खुल्या करावयाच्या. विद्यार्थ्यांना हे जाचक वाटते. (‘मग वहीत काय वाईट होते?’ असे एकाने विचारले. प्रश्न रास्त आहे.) पण अठरा टिपा जेव्हा अठरा ठिकाणी पडतात आणि मग एकमेकींसमोर येतात, तेव्हा मतभेद कवितेविषयी होतात, आधीच्या मताविषयी नव्हे. गुण देण्याचे काम मात्र मी यंत्राकडे सोपविलेले नाही. हार्वर्डचे भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या सहभागाने घडलेल्या पेरुसॉल या साधनात टिपांचे मूल्यमापन आपोआप होऊ शकते. मोठ्या वर्गांत, पाठ वाचून येणे हाच मुद्दा असतो तेथे, त्याचा उपयोग असेल. काव्याच्या वर्गात गुणांवर नजर ठेवून लिहिलेली टीप पहिल्या ओळीतच ओळखू येते.

अलीकडे, आम्ही ज्या पानावर टिपा लिहिल्या होत्या, तेथील टंकित मजकूर काढून त्याजागी मुद्रित पृष्ठाचे छायाचित्र ठेवले गेले. संहितेच्या विश्वसनीयतेच्या दृष्टीने हे इष्टच म्हणावे लागेल. टिपांना मात्र त्यांची अक्षरे सापडेनाशी झाली. हायपोथेसिसमध्ये अशा टिपांना ‘अनाथ’ म्हणतात आणि त्या एका वेगळ्या यादीत जातात. त्या यादीत तेरावी टीप आहे; तिच्या माथ्यावर ‘झपूर्झा’ एवढा एकच शब्द अवतरणात उरला आहे.