तात्यांचं सर्टिफिकेट

पुण्यात माझ्या ऑफिसच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक तांबडा सिलिंडर टांगलेला आहे. त्याच्या गळ्यात कार्ड असतं. कधी भरला, शेवटची तपासणी कधी, पुढची कधी. ड्राय पावडरच्या सिलिंडरची प्रेशर टेस्ट दर तीन वर्षांनी आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची दर पाच वर्षांनी करायची, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या बिल्डिंगचंही एक कार्ड आहे, फक्त ते फायलीत असतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा, लागू झाला ६ डिसेंबर २००८ला. त्याप्रमाणे मालकाने किंवा सोसायटीने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’ घेऊन द्यायचा असतो. पंप, पाइप, अलार्म सगळं चालू स्थितीत आहे, असा तो दाखला.

आता तासगावच्या आमच्या घरी चला. सोप्यात भिंतीवर तात्यांचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात फायरमन. सहा महिन्यांचा कोर्स, साल १९९५. तेव्हाचा फोटो बघितला तर तात्या आत्ताच्या माझ्यापेक्षा लहान दिसतात. त्या कागदावर सही आहे, शिक्का आहे, पण संपण्याची तारीख नाही.

तात्या बंबही चालवतात. त्यांचा जड वाहनाचा परवाना मात्र पाच वर्षांनी नवा करावा लागतो. २०१९च्या दुरुस्तीआधी तर तीनच वर्षांनी करावा लागायचा. म्हणजे सिलिंडर तपासला जातो, इमारत तपासली जाते, आगीपर्यंत गाडी नेण्याची लायकी तपासली जाते. गाडीतून उतरून जो माणूस धुरात शिरणार, त्याला काय येतं हे १९९५ साली एकदा तपासलेलं आहे.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे वेबसाइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेटसुद्धा काही महिन्यांत संपतं. रात्री दोनला कुणी ते नवं करायला विसरलं तर सकाळी ग्राहकांचे फोन सुरू होतात. त्यामुळे मुदत नसलेला कागद दिसला की मला जरा अस्वस्थ व्हायला होतं. हे मी तात्यांना एका रविवारी जेवताना सांगितलं.

“मग काय, तीस वर्षं गोट्या खेळलो व्हय?” तात्या म्हणाले.

त्यांचा राग खोटा नव्हता. उसाला लागलेल्या आगी किती विझवल्या ते त्यांनी मोजणं कधीच सोडून दिलंय. विजेच्या तारा घासून ठिणगी पडली, कुणी पाचट पेटवलं आणि वारा फिरला, की रात्री-बेरात्री फोन येतो. कोणत्या बाजूने वारा येतोय, कुठली सरी आडवी तोडली तर आग थांबेल, हे त्यांना वासावरून कळतं असं चुलती म्हणते. हे कुठल्या परीक्षेत मोजणार? आणि खात्यात शिकवणं अगदीच बंद असतं असंही नाही. दर १४ एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू होतो, प्रात्यक्षिकं होतात, शाळेची पोरं बघायला येतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचे स्फोट झाले, त्यात ६६ अग्निशामक गेले. त्या जहाजात एकाच वेळी कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटकं होती. तात्या ही गोष्ट अशी सांगतात की जणू ते स्वतः डॉकवर होते.

पण प्रात्यक्षिकात होतं काय, तर जे येतंय तेच पुन्हा. होज पसरायचा, शिडी लावायची, पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवून फोम मारायचा. चपळाई टिकते, हे खरंच. १९९५ सालच्या कोर्समध्ये जे नव्हतंच, ते त्यातून येत नाही.

आणि नव्हतं बरंच काही. तासगावचंच घ्या. तात्यांच्या तरुणपणी बेदाणा म्हणजे रानातली शेड, लोखंडी अँगलवर जाळ्या आणि वरती कापड. आज गावाच्या चारी बाजूंना कोल्ड स्टोरेज उभी आहेत. बेदाण्याची खोकी महिनोन्‌महिने आत राहतात, भावाची वाट बघत. अशा स्टोरेजच्या भिंती बऱ्याचदा पफ पॅनेलच्या असतात: दोन पत्रे आणि मध्ये फोम. हा फोम पेटला की आग पत्र्याच्या आतून सरकते, बाहेरून दिसत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतो. तोंडाला ओला टॉवेल बांधून त्यात शिरणं म्हणजे मरायला जाणं. बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा मास्क, लागतोच. शिवाय थंडाव्यासाठी अनेक ठिकाणी अमोनिया वापरतात. तो गळला तर कोणत्या बाजूने जायचं, पाण्याचा फवारा कुठे मारायचा आणि कुठे अजिबात नाही, हा वेगळाच अभ्यास आहे.

दुसरं, इलेक्ट्रिक स्कूटर. आमच्या गल्लीतच चार आहेत. लिथियमच्या बॅटरीवर पावडर मारली तर ज्वाळा बसते, पण आतल्या सेलची उष्णता तशीच राहते आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, ती पुन्हा पेटू शकते. तिला थंड करायला भरपूर पाणी आणि वेळ द्यावा लागतो. तात्या म्हणाले, “विजेच्या वस्तूवर पाणी मारायचं न्हाई, हे आमाला काठी हाणून शिकवलंय.” ते बरोबरच शिकवलं होतं. जिवंत विजेच्या बाबतीत ते आजही बरोबर आहे. अवघड इथेच आहे: जुनं खोटं ठरलेलं नाही, त्याला एक अपवाद जोडला गेलाय. तो सांगायला कुणी आलं नाही, तर माणूस तीस वर्षांच्या सवयीप्रमाणे हात मागे घेणार.

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा बदल मात्र आगीबद्दलचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, हिने २०२२ साली फायरमनचं काम हेच माणसात कर्करोगाला कारणीभूत म्हणून पहिल्या गटात टाकलं. याच गटात तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस आहे. त्याआधी ते ‘कदाचित’च्या गटात होतं. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा यांच्याबाबत पुरावा पुरेसा आहे, असं त्यांनी म्हटलं. काजळी नाकातूनच जाते असं नाही, कातडीतूनही जाते. त्यामुळे आता शिकवतात ते असं: आग विझली तरी धुमसत्या ढिगाऱ्यात मास्क काढायचा नाही, जागेवरच गणवेश धुवायचा, मळका गणवेश गाडीच्या केबिनमध्ये आणायचा नाही, घरी तर नाहीच.

आमच्या घरी तात्यांचा गणवेश चुलती धुवायची. मोरीत, त्याच बादलीत, ज्यात आमचे शाळेचे शर्ट भिजत असायचे. काळं झालेलं हेल्मेट दाराशी अडकवलेलं असायचं आणि आम्ही पोरं ते घालून अंगणात फिरायचो. जितकं काळं हेल्मेट तितका मोठा फायरमन, असा आमचा हिशेब. तात्यांचाही तोच होता. १९९५च्या कोर्समध्ये याविषयी एक ओळसुद्धा नव्हती, कशी असेल?

म्हणून मानक बदललं की सर्टिफिकेटचं काय करायचं, हा प्रश्न मला नुसता कागदाचा वाटत नाही. सोपी उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. जुने कागद रद्द, सगळ्यांनी पुन्हा सहा महिने कोर्स करा, हे एक. सांताक्रूझच्या विद्यानगरीतल्या अकादमीतला अग्निशामक कोर्स आजही सहा महिन्यांचाच आहे. तात्यांच्या वयाच्या माणसाला विशीतल्या पोरांच्या रांगेत पुन्हा होज गुंडाळायला उभं करणं हा अपमान आहे, आणि तोवर बंबावर कोण जाणार? दुसरं उत्तर, एकदा पास तो कायमचा पास. याची किंमत कोण मोजतं ते वर आलंच.

तिसरी वाट कॉलेजच्या एका मित्राकडून कळली. तो मर्चंट नेव्हीत आहे. बोटीवर आग लागली तर बंब येत नाही, म्हणून प्रत्येक खलाशाला आग विझवण्याचं शिक्षण सक्तीचं. त्याचे नियम एसटीसीडब्ल्यू या १९७८च्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. २०१०मध्ये मनिलात त्यात मोठे बदल झाले, १ जानेवारी २०१२ला ते लागू झाले आणि जुन्या लोकांना २०१७च्या सुरुवातीपर्यंत मुदत मिळाली. शेवटी इतकी गर्दी झाली की तपासणी करणाऱ्यांनी आणखी सहा महिने सांभाळून घ्यावं, असं आंतरराष्ट्रीय संघटनेला कळवावं लागलं. तेव्हापासून दर पाच वर्षांनी हे कौशल्य टिकून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मला आवडलं ते त्यातलं बारीक कलम: जे बोटीवरच्या सरावात टिकतं, ते तिथलंच धरता येतं; जे बोटीवर करून बघताच येत नाही, तेवढ्यासाठी किनाऱ्यावर येऊन रिफ्रेशर करायचा. म्हणजे सगळं पुन्हा नाही, फक्त फरक. आम्ही कोड अपडेट करतानाही हेच करतो, अख्खा प्रोग्राम पुन्हा लिहीत बसत नाही.

अमेरिकेत फायरमनच्या पात्रतेची वेगवेगळी मानकं २०२४च्या आवृत्तीत ‘एनएफपीए १०१०’ या एकाच मानकात आणली गेली. म्हणून आधी पास झालेले लोक नापास झाले नाहीत. आपण कोणत्या वर्षाच्या मानकावर पास झालो, एवढं कागदावर असलं तरी पुरे, मग उरलेला फरक काढता येतो. तात्यांच्या कागदावर १९९५ आहे. कोणत्या अभ्यासक्रमावर, ते नाही.

हे सगळं ऐकून तात्यांनी काळबादेवीचं नाव काढलं. ९ मे २०१५, गोकुळ निवासची आग. मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी त्यात गेले, प्रमुख सुनील नेसरीकर त्यांतले एक. “मोठा साहेब होता. त्याला काय येत नव्हतं का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी द्यायलाही गेलो नाही. इमारत अंगावर आली तर कुठलाही कागद कामाचा नाही, हे खरं आहे.

मला खरी काळजी आमच्या आत्तेभावाची आहे. तो एका दुसऱ्या गावी कंत्राटावर फायरमन आहे. कोर्स त्याने स्वतःच्या पैशांनी केला, आत्याने त्यासाठी पाटल्या गहाण टाकल्या. उद्या पाच-पाच वर्षांनी रिफ्रेशरची अट आली तर ती फी, येण्या-जाण्याचा खर्च आणि बुडालेले खाडे त्याच्याच खिशातून जाणार. अट हवी असं माझं मत आहेच, पण कामावर धरून आणि नगरपालिकेच्या खर्चाने. नाहीतर फी भरून नुसता शिक्का आणायची दुकानं निघतील. आमच्या क्षेत्रात ती आधीच आहेत. शिवाय फायरमनला मळका गणवेश घरी नेऊ नको म्हणायचं, तर बदलायला दुसरा गणवेश पाहिजे. आत्तेभावाला एकच मिळालाय.

गेल्या महिन्यात फोनवर तात्यांनी आपणहून विषय काढला. खात्यात चर्चा आहे, बॅटरीच्या आगीवर दोन दिवसांचं काहीतरी शिकवणार आहेत म्हणे, अजून नक्की नाही. मी म्हटलं, जा की. ते म्हणाले, जातो, पण दोन गोष्टी विचारून ठेव: अमोनियाचं पण त्यातच सांगतात का, आणि डबा घरनं न्यायचा का तिथं मिळतो.