सहा साड्या आणि एक हरकत

परवा लेक चार दिवस माहेरपणाला आली होती. सोबत लॅपटॉप. म्हणजे माहेरपण कसलं, जागा बदलून ऑफिस! सकाळी नातवाचं दूध, अंघोळ, रडारड सगळं आवरेपर्यंत पावणेनऊ झाले. नऊला तिची मीटिंग. कुर्ता डोक्यातून घातला, केसांना चिमटा लावला आणि बसली. मी घड्याळ बघत होते, तीन मिनिटं. खाली घरातलाच पायजमा! "अगं, कॅमेऱ्यात वरचंच दिसतं," म्हणाली. मला स्मिता पाटील आठवली. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळायची, असं सांगतात. ती काय आणि आमची लेक काय...

दुपारी मुलगा झोपल्यावर तिने विचारलं, "आई, तू सात वाजता शाळेत असायचीस. आम्ही दोघं लहान. रोज साडी कशी जमवायचीस गं?"

मंडळी, त्याचं गणित होतं.

१९७३ साली मी शाळेत लागले तेव्हा कांजी केलेल्या सुती साड्या नेसायचे. रविवारी भाताची पेज गाळून खळ करायची, साड्या त्यात बुडवायच्या, अर्धवट वाळल्या की दोघींनी चार टोकं धरून ताणायच्या, मग इस्त्री. निऱ्या अशा पडायच्या की वाटायचं, याला म्हणतात बाई! १९७६ मध्ये मुलगा झाला आणि तीन महिन्यांत हा थाट संपला. खळीच्या साडीत मूल कडेवर घेतलं की दोन मिनिटांत तिचा चुरगळा.

मग आल्या नायलॉनच्या. रात्री धुवून दोरीवर टाकली की सांगलीच्या जुलैतसुद्धा सकाळपर्यंत कोरडी. इस्त्री नको, खळ नको. पण नायलॉन नेसून स्टोव्हपाशी जायची भीती. पेटलं तर ते वितळून अंगाला चिकटतं. म्हणून पहाटे जुनेर नेसून डबे करायचे आणि साडेसहाला बदलायचं. सहा साड्या, सहा वार. सगळ्या बारीक फुलांच्या, मधल्या रंगाच्या. गडद साडीवर खडू दिसतो, फिक्या साडीवर लाल शाई, आणि बारीक फुलांत हळदीपासून बाळाच्या ओकीपर्यंत सगळं लपतं. टू बाय टूचे तीन ब्लाउज: काळा, पांढरा, मरून. सहा साड्यांना तिन्हीतलं काहीतरी चालायचंच. परकर इचलकरंजीच्या पॉपलीनचे. रात्री साडी, ब्लाउज, परकर एकत्र गुंडाळून खुर्चीवर ठेवायचे, म्हणजे दिवे गेले तरी अंधारात नेसता यावं. चार मिनिटं! खिसा नाही, तेव्हा किल्ली आणि रुमाल कमरेला, सुटे पैसे पदराच्या गाठीत, सेफ्टी पिना बांगडीत. फॅशन विचाराल तर हीच.

एक गोष्ट मात्र लेकीला पहिल्यांदाच सांगितली. तेव्हा बाळंतपणाची रजा तीन महिन्यांची. (सव्वीस आठवडे २०१७ साली झाले.) तान्ह्याला घरी ठेवून शाळेत यायचं आणि चौथ्या तासाला पान्हा फुटायचा. आत घडी घातलेला रुमाल, आणि वर पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घ्यायचा. पुरुष शिक्षकांना वाटायचं बाईंना थंडी वाजतेय. पण आम्हा बायकांना ती खूण माहीत होती. पदर असा घेतलेली बाई दिसली की कुणीतरी न विचारता तिचा तास घ्यायची. माझे तास घेतले गेले, पुढे मीही कितीतरी जणींचे घेतले.

एवढ्यावर थांबले असते तर माझीच वाहवा झाली असती. लेकीचे डोळे भरून आले होते. पण मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाचा शासन निर्णय वाचला, शिक्षिकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा घालावा असा, तेव्हापासून एक जण मनात येऊन बसली आहे.

१९९६ ची गोष्ट. आमच्याकडे एक नवी शिक्षिका होती. मूल अकरा महिन्यांचं. ते पाळणाघरात सोडून नऊ किलोमीटर मोपेडवर यायची. तिचेही तास मी घेतले होते. एका बैठकीत ती उभी राहिली आणि पंजाबी ड्रेसची परवानगी मागितली. साहेबांनी आम्हा जुन्या बायकांकडे पाहिलं. मी उठले. म्हणाले, "आम्ही दोन-दोन मुलं साडीतच वाढवली. काही अडलं नाही. मुलींसमोर आदर्श नको का?" विषय तिथेच संपला. ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली.

पावसाळ्यात एकदा घाईत तिचा पदर खोचायचा राहिला. मागच्या चाकात गेला. दुचाकीला साडी गार्ड हवं असा नियम १९८९ पासून आहे, पण वाऱ्यावर उडणारा पदर ते थोडंच ऐकतं! मनगट मोडलं. मी भेटायला गेले. मूल तिच्याकडे झेपावत होतं आणि तिला उचलता येत नव्हतं. माझ्याशी बोलली ती फक्त सातवी ब च्या राहिलेल्या धड्यांबद्दल.

पंधरा दिवसांनी प्लास्टरसकट कामावर आली, पंजाबी ड्रेसमध्ये. एका हाताने साडी कशी नेसणार? कुणी काही बोललं नाही. महिनाभर तिने त्याच वेषात शिकवलं आणि मुली काही बिघडल्या नाहीत. प्लास्टर निघालं त्या सोमवारी ती पुन्हा साडीत आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी म्हणू शकत होते, 'अगं, राहू दे तोच ड्रेस, मी साहेबांशी बोलते.' नाही म्हटलं. आमच्याकडे परवानगी मिळाली २००३ साली. तोवर तिने बदली घेतली होती.

आदर्श वगैरे सगळं खोटं होतं. मला जे मिळालं नाही ते तिला इतक्या सहज का मिळावं, एवढंच होतं ते. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "तिला सांगितलंस कधी?"

भेट झाली होती एकदा, पाच-सहा वर्षांपूर्वी, मिरजेत एका लग्नात. तोवर गुडघ्यांमुळे मीही पंजाबी ड्रेस घालायला लागले होते. तिचेही केस पांढरे झालेले. नेसली होती गर्द हिरवी इरकल. लांबूनच माझा ड्रेस पाहिला आणि हसत आली. "बाई, छान दिसतोय हो तुम्हाला!"

मी म्हणाले, "खिसा पण शिवून घेतलाय." आणि तिला खिशात हात घालून दाखवला.

तेवढ्यात जेवणाच्या पंगतीला बोलावलं.