गिरणी, डीपी आणि आमची गाडी

'स्मार्ट' हा शब्द आता मराठीत असा काही रुळला आहे की, त्याला प्रतिशब्द शोधावा असे कोणास वाटेनासे झाले आहे. फोन स्मार्ट, मीटर स्मार्ट, शहरे स्मार्ट. आमच्या ओसरीच्या भिंतीवर बसलेली पांढरी पेटीही स्मार्टच. विजेवर चालणारी मोटार दारी आली, तिच्यामागून ही पेटी आली, आणि शहाणपण कशास म्हणावे हा जुना प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा राहिला.

लोक या पेटीला चार्जर म्हणतात. वास्तविक चार्जर असतो तो गाडीच्या पोटात. घरातील एसी प्रवाहाचा डीसी करून तो बॅटरीत भरण्याचे काम त्याचे. भिंतीवरची पेटी ही केवळ दारवान. वायर गाडीला जोडली की पेटी गाडीशी बोलू लागते. सेकंदाला हजार ठोके पडतील असा एक सूक्ष्म संकेत ती धाडते, आणि त्या ठोक्यांच्या रुंदीवरून गाडीला कळते की येथे ६ अँपिअर घेण्याची मुभा आहे, १६ ची, की ३२ ची. जितकी मुभा तितकेच घ्यावे, अधिक ओढू नये, हा गाडीचा शिष्टाचार. माणसांच्या पंगतीत तो नेहमीच पाळला जातो असे म्हणवत नाही!

पेटी बसवावयास आलेल्या वायरमनने खोक्याला हात लावण्यापूर्वीच विचारले, "अर्थिंग कुठंय?" आमचे घर जुने, जाड भिंतींचे. तिसऱ्या पिनेचे भोक प्रत्येक सॉकेटला आहे. त्यामागे तार आहे की नाही, हे कोणी पाहिले होते? आपल्याकडे फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात, आणि तो घराचा स्वभाव समजून आपण सोसतो. ही पेटी मात्र सोसत नाही. अर्थिंग नसेल तर लाल दिवा लावून ती स्वस्थ बसते. तेव्हा अंगणात खोल खड्डा खणला गेला, लोखंडी नळी पुरली गेली, तिच्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर पडले. वैशाखात काळी माती भेगाळते. तेव्हा या खड्ड्यात घागरभर पाणी ओतावे लागते. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर आली, ३० मिलिअँपिअर गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच आला, महावितरणकडे मंजूर भार वाढविण्याचा अर्ज गेला. घरच्या जोडणीवरून आपली गाडी चार्ज करण्यास वेगळा परवाना लागत नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट म्हटले आहे.

हे सर्व चालले असता शेजारच्या गिरणीवाल्या मावशी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "फादर, तुमची गाडी रातच्याला जेवायला बसली, मंग माझी गिरणी ओढंल ना?"

वायरमन हसला. आम्हांस हसू आले नाही. कारण विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात, मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये, पेटीसोबतच्या पुस्तिकेत, कोठेही हा प्रश्न नव्हता. आणि खरा प्रश्न तर हाच होता.

वाचकांनी थोडे गणित सोसावे. पेटी पूर्ण वेगाने चालली तर ३२ अँपिअर, म्हणजे सुमारे ७ किलोवॉट वीज ओढते. दहा अश्वशक्तीची पिठाची गिरणी साधारण तितकीच ओढते. म्हणजे आमच्या ओसरीवर आम्ही एक मुकी गिरणीच बसवीत होतो. आता आमच्या गल्लीची डीपी आहे ६३ केव्हीएची. तिच्यातून प्रत्येक फेजला सुमारे ८४ अँपिअर मिळतात. आमच्या घरात तीन फेज असले तरी गाडी घेते ते एकाच फेजवरून. ८४ पैकी ३२ एका गाडीचे! उरलेल्यांत त्या फेजवरील सारी घरे, त्यांचे पंखे, टीव्ही, नळ आल्यावर लागणाऱ्या मोटरी. एका फेजचा दाब उतरला की तीन फेजवर चालणारी गिरणीची मोटर तापते, जाते घुटमळते, पीठ जाडे पडते. एकदा मोटर जळाली की गुंडाळून येईपर्यंत मावशींची चूल कशावर पेटावी?

पेटी स्मार्ट आहे, हे खोटे नव्हे. घरात गीझर लागला की आपला वाटा कमी करण्याची सोय तिच्यात आहे; वीज गेली आणि परत आली तर ती आपणहून काम पुढे चालू करते; किती युनिट गेले, किती रुपये झाले, ते सांगते. महिन्याला सुमारे हजार किलोमीटर हिंडलो तर दीडशे युनिट जातात, आणि घरगुती दराची ३०० युनिटांची पायरी ओलांडली की ते महाग पडतात, हेही आम्हांस तिच्यामुळे कळले. पण तिची दृष्टी आमच्या मीटरपाशी संपते. मीटरपलीकडे डीपी आहे, डीपीवर मावशी आहेत, हे तिला ठाऊक नाही. कोणी सांगितल्यावाचून ठाऊक होणारही नाही.

ब्रिटनमध्ये हे कायद्याने सांगितले आहे. तेथे ३० जून २०२२ पासून घरी बसवावयाचा चार्जर स्मार्ट असणे बंधनकारक झाले. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळा टाळूनच तो मुळात लावून दिलेला असतो. शिवाय आणखी एक मौजेचा नियम आहे. ठरलेल्या वेळी प्रत्येक पेटीने लगेच सुरू न होता दहा मिनिटांपर्यंत कमीअधिक थांबावयाचे, म्हणजे देशातील सर्व गाड्या एकाच क्षणी ताटावर बसणार नाहीत. आपल्या गल्लीत आज अशी गाडी एकच आहे, म्हणून हे दूरचे वाटते. पण ज्या नगर शहरात किनेटिकचा कारखाना आहे, त्या किनेटिकची लुना १९७० च्या दशकात रस्त्यावर आली आणि २०२४ मध्ये बॅटरीवर धावू लागली. गल्लीत पाच गाड्या व्हावयास किती वर्षे लागतील?

वीज ही सामाईक वस्तू आहे, हे या भागाला कोणी शिकवावयास नको. श्रीरामपूर-राहुरी परिसरात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके वीज वाटली; २०११ मध्ये ते काम महावितरणकडे गेले. त्या संस्थेच्या गुणदोषांची चर्चा अजून पारावर रंगते, तिच्यात आम्ही पडत नाही. शेतीला पाळीपाळीने रात्री येणाऱ्या विजेसाठी बॅटरी घेऊन, बिबट्या-विंचवाचे भय उराशी धरून मोटर सुरू करावयास जाणारी माणसे आमच्या ओळखीची आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या प्रकल्पांसाठी याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी निवडले गेले. ज्यांनी इतकी वर्षे विजेसाठी जागरण केले, त्यांच्या वस्तीत आमची गाडी सायंकाळी सातलाच पोटभर जेवू लागली तर ते शोभणारे नव्हते.

मग हिशोब मांडला. आमची दिवसाची धाव साठ-सत्तर किलोमीटरांची. पेटी १६ अँपिअरवर ठेवली आणि रात्री अकरा ते पहाटे पाच चालविली, तर सुमारे २० युनिट बॅटरीत पडतात. सव्वाशे किलोमीटरांची सोय होते. चार तासांत गाडी भरण्याचा जो वेग पत्रकात मोठ्या अक्षरांत छापला होता, त्याची आम्हांस गरजच नव्हती. वायरमनने अ‍ॅपमध्ये १६ चा आकडा घातला. "पैसे ३२ चे दिले की हो!" असे तो दोनदा म्हणाला. आम्ही त्यास चहा दिला.

आणखी एक सोय मावशींनीच सुचविली. दुपारी एक ते चार गिरणी बंद असते. दिवसाच्या, सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीज स्वस्त असावी असे केंद्राचे २०२३ चे नियम सांगतात. वेळेनुसार मोजणारे मीटर आले की त्याचा लाभ घरांनाही मिळावयाचा. तेव्हा गाडी दुपारी घरी असेल त्या दिवशी तेव्हाच लावावी, असे ठरले. मावशींना 'सौर तास' हा शब्द ठाऊक नाही. आपल्या जात्याची विश्रांती ठाऊक आहे.

दिवाळीच्या आधी आठवडाभर भाजणीची दळणे साचतात आणि गिरणी रात्री साडेअकरापर्यंत घरघरत राहते. त्या आठवड्यात आम्ही अकराची वेळ काढून टाकतो. गिरणी थांबली की मावशींचा नातू कुंपणावरून हाक देतो, "फादर, झालं आमचं!" आणि मग आम्ही ओसरीवर जाऊन हातानेच बटण दाबतो.